हे वरचं तुझं, मग खालचं कोणाचं?



मागच्या वर्षीची गोष्ट. एका गावात समूहाची मासिक बैठक आटोपली, दप्तर लिहून झालं, चहा आला. माझ्या शेजारी बसलेल्या आजींनी माझी वेणी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "पोरी, हे वरचं तुझं, मग खालचं कोणाचं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण आजींची नजर बरोबर होती. टाळूपासून चार बोटं केस कुरळे, त्याखाली सुतासारखे सरळ, आणि टोकं जुन्या केरसुणीसारखी. खालचे केस पार्लरमध्ये औषध लावून सरळ केलेले होते.

समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला असताना मावसबहिणीच्या लग्नासाठी मी केस पहिल्यांदा सरळ करून घेतले. लहानपणापासून "झिपरी" ऐकलं होतं, म्हणून फार आनंद झाला. आठ महिन्यांनी मुळाशी कुरळे केस दिसायला लागले तेव्हा पुन्हा केले. त्यानंतर मात्र कंगव्यात पुंजके यायला लागले. पुढे नोकरी लागली. बैठकांत मी तुम्हाला आत्मविश्वासावर बोलायचे आणि स्वतः स्कार्फ काढायचे नाही. हे आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

हे लिहायला एक कारण घडलं. दोन महिन्यांपूर्वी एका समूहात एका काकींनी चार हजार रुपये अंतर्गत कर्ज मागितलं. कारण सांगितलं, घरखर्च. नंतर बाहेर आल्यावर हळूच म्हणाल्या, "मॅडम, पोरीचे केस सरळ करायचेत. पाहुणे बघायला येणार. मागच्या वेळी केलेलं मुळातून वाकडं झालंय." मुलीला भेटले. ती म्हणाली, "ताई, मला खरं तर आता नको वाटतं. पण सोडलं तर हे असं अर्धं-अर्धं घेऊन फिरायचं का?"

तिचा प्रश्न अगदी खरा आहे. सरळ करणं सोपं, सोडणं अवघड. आज त्याच सोडण्याबद्दल बोलू.

औषधाने केसात नेमकं काय होतं?

आधी एक गोष्ट पक्की समजून घेऊ. केसाचं मूळ टाळूच्या आत असतं, ते जिवंत असतं. टाळूच्या बाहेर आलेला केस हा नखासारखाच निर्जीव. म्हणून नख कापलं तर दुखत नाही, तसा केसही दुखत नाही.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्या प्रथिनाचे धागे एकमेकांना गंधकाच्या बंधांनी बांधलेले असतात. ते शिवणीच्या पक्क्या टाक्यांसारखे समजा. केस सरळ की कुरळा, हे मुळाची ठेवण आणि हे टाके मिळून ठरवतात. याशिवाय काही कच्चे टाकेही असतात. ते पाण्याने आणि उष्णतेने सुटतात. म्हणून नुसत्या गरम मशीनने केस सरळ केले तर डोकं धुतल्यावर परत कुरळे होतात, इस्त्रीची साडी पाण्यात घातली की चुरगळते तसं.

रिबॉन्डिंग आणि स्मूदनिंगमध्ये औषध लावून पक्के टाके उसवतात, केस गरम मशीनने सरळ ओढतात आणि दुसरं औषध लावून नव्या जागी टाके घालतात. ब्लाउज उसवून दुसऱ्या मापाने शिवावा तसंच. कापड तेच, पण एकदा उसवलेलं. तेच कापड दोन-तीनदा उसवलं तर काय होतं, हे शिवणकाम करणाऱ्या तायांना सांगायला नको.

केराटिन ट्रीटमेंट थोडी वेगळी. तिच्यात केसावर थर देऊन तो गरम मशीनने पक्का करतात. तो काही महिन्यांनी उतरतो. नाव प्रथिनाचं असलं तरी अशा अनेक औषधांत काम करणारा पदार्थ वेगळाच असतो. काहींत फॉर्मॅल्डिहाइड किंवा गरम केल्यावर फॉर्मॅल्डिहाइड सोडणारी द्रव्यं, तर काहींत ग्लायऑक्सिलिक ॲसिड.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, औषध फक्त बाहेर आलेल्या केसावर काम करतं. मूळ तसंच राहतं, म्हणून नवा केस तुमच्या मूळच्या वळणाचाच येतो. दुसरी, रिबॉन्डिंग-स्मूदनिंग केलेला केस कुठल्याही तेलाने, लेपाने किंवा महागड्या शाम्पूने पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. तो वाढून खाली जातो आणि कापावा लागतो. "पंधरा दिवसांत केस पूर्ववत" असं कोणी विकायला आलं तर पैसे देऊ नका.

तब्येतीचं काय?

घाबरवायचं नाही, पण माहिती हवी.

फॉर्मॅल्डिहाइडमुळे कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेलं आहे. मशीन फिरवताना जो धूर निघतो, डोळे चुरचुरतात, खोकला येतो, तो धूर साधा नसतो.

२०२४ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या निरोगी तरुणीची हकिकत प्रसिद्ध केली. तिने तीन वेळा पार्लरमध्ये केस सरळ केले आणि तिन्ही वेळा तिच्या किडनीला इजा झाली. उलट्या, ताप, पाठदुखी, टाळूवर जखमा अशी लक्षणं होती. त्या क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक ॲसिड होतं. प्रत्येकीला असं होत नाही. पण डब्यावर "फॉर्मॅल्डिहाइड नाही" लिहिलं म्हणजे सगळं निर्धोक, असंही नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये ३३ हजारांहून जास्त स्त्रियांचा अभ्यास मांडला. केस सरळ करण्याची औषधं कधीच न वापरणाऱ्या शंभर बायकांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ होतं, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत ४.०५. औषधामुळेच झाला हे यातून सिद्ध होत नाही, पण संबंध दिसतो. एकदा केलेल्या बाईने रात्रभर जागायची गरज नाही. पुन्हा पुन्हा करण्याआधी मात्र विचार करावा.

गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, दम्याचा त्रास असलेल्या किंवा टाळूला जखम असलेल्या तायांनी आणि शाळकरी मुलींनी हे करूच नये.

आपल्या आधी ही वाट कोणी चालली?

अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांनी. त्यांचे केस जन्मतः घट्ट कुरळे. नोकरीला, शाळेला "नीटनेटकं" दिसायचं म्हणजे केस सरळच हवेत, हे त्यांच्यावर पिढ्यान्पिढ्या लादलं गेलं. त्यासाठी त्या रिलॅक्सर नावाचं औषध वापरायच्या. त्यातल्या बऱ्याच औषधांत कॉस्टिक सोडा असतो, टाळू भाजते. मग अनेकींनी ते सोडायचं ठरवलं आणि एकमेकींना वाट दाखवली. केस कसे वाढवायचे, कधी कापायचे, तुटण्यापासून कसे वाचवायचे, हे त्यांनी स्वतःवर करून शिकलं. २०१९ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने तर कायदाच केला की केसांच्या ठेवणीवरून कोणाला कामावर किंवा शाळेत भेदभाव करता येणार नाही. क्राउन ॲक्ट त्याचं नाव.

आपलं औषध वेगळं, केस वेगळे. पण "झिपरी" म्हणणारे तिकडेही होते आणि इकडेही आहेत.

सोडायचं कसं? दोन मार्ग

केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. म्हणजे वर्षाला सहा इंच. हे गणित लक्षात ठेवा.

पहिला मार्ग, एकदम कापणे. तिकडे याला बिग चॉप म्हणतात. नवे केस तीन-चार इंच झाले की औषधाचे सगळे केस कापून टाकायचे. त्रास एकदाच आणि गुंता संपतो. पण आपल्या गावात बाईने केस एवढे आखूड केले की चार जणी विचारतात, "काय गं, काय झालं?" ते पेलण्याची तयारी असेल तर हा मार्ग सगळ्यात सोपा.

दुसरा मार्ग, हळूहळू. दर दीड-दोन महिन्यांनी टोकाचा इंच-दीड इंच कापत जायचं. खांद्यापर्यंत केस असतील तर दीड ते दोन वर्षं लागतात. मी हाच मार्ग घेतला, कारण आई म्हणाली होती, "केस कापून घरी आलीस तर बघ."

दोन्ही मार्ग बरोबर आहेत. पण एकदा ठरवल्यावर मध्येच पुन्हा औषध लावू नका. तेवढ्या महिन्यांचा नवा केस पुन्हा उसवला जातो आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

मधल्या काळातली काळजी

या काळात सगळ्यात कच्ची जागा म्हणजे जिथे नवा केस आणि जुना केस भेटतात तो सांधा. केस तिथेच तुटतो. म्हणून सगळी काळजी या सांध्यासाठी.

१. विंचरणं : कोरडे केस ओढून विंचरू नका. तेल लावलेले किंवा कंडिशनर लावून ओले केलेले केस मोठ्या दातांच्या कंगव्याने विंचरा. आधी टोकं, मग मध्य, मग मुळं. गुंता आधी बोटांनी सोडवा. बारीक फणी उवांसाठी लागलीच तर तीही आधी कंगव्याने गुंता काढून, थोड्या थोड्या केसांवर.

२. धुणं : आठवड्यातून एक-दोनदा पुरे. शाम्पूची पुडी थेट डोक्यावर ओतू नका, मगभर पाण्यात विरघळवून टाळूवर लावा. पाणी कोमट, कढत नको. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात, त्याने केस राठ होतात. शेवटचा एक तांब्या फिल्टरचं किंवा पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी घेतलं तर फरक जाणवतो.

३. तेल : धुण्याच्या आधी तासभर खोबरेल लावा. खोबरेल केसाच्या आत मुरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. तुटलेला केस मात्र तेलाने जोडला जात नाही. कोंडा असेल तर टाळूवर तेल थापून ठेवू नका, कोंडा वाढतो. केसांना लावा.

४. रिठा-शिकेकाई : आपली जुनी गोष्ट चांगलीच, पण पूड थेट केसांत चोळली की कण अडकतात आणि गुंता होतो. उकळून, फडक्याने गाळून फक्त पाणी वापरा. डोळ्यांत जाऊ देऊ नका.

५. जवसाचा गर : दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळा. पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत झालं की गरम असतानाच गाळा, थंड झाल्यावर गाळणं जमत नाही. ओल्या केसांना थोडा लावून हाताने चुरगाळा. कुरळ्या केसांना वळण धरतं आणि वरचे-खालचे केस जरा सारखे दिसतात. दोन-तीन दिवसांत वापरून टाका, नाहीतर वास येतो.

६. कोरफड : पान कापल्यावर पिवळा चीक पूर्ण निथळू द्या, मग गर घ्या. पहिल्यांदा कानामागे लावून एक दिवस बघा. खाज आली तर नको.

७. पुसणं आणि झोपणं : पंचाने खसाखसा चोळू नका. जुन्या सुती साडीचा तुकडा दाबून पाणी टिपा. रात्री सैल वेणी घाला आणि उशीवर गुळगुळीत साडीचं कापड टाका. घट्ट अंबाडा, घट्ट रबर नको.

हे अजिबात नको : लिंबू, खायचा सोडा, कपड्याचा साबण, गरम मशीन. मोबाईलवर काहीही सांगतात. आणि काळी मेहंदी म्हणजे मेहंदी नव्हे, बहुतेक वेळा तो रासायनिक रंगच असतो.

एक जास्तीची सूचना. काळजी घेतली नाही तर दोन प्रकारच्या केसांत गुंता घट्ट बसतो. अशा गुंत्याला आपल्याकडे कोणी तरी लगेच "देवीची जट" म्हणतं आणि मग त्या बाईला ती सोडवूही देत नाहीत. तायांनो, तो फक्त गुंता असतो. तेल लावून, चार हातांनी बसून सोडवा. नाहीच सुटला तर कापा. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अनेक वर्षं बायकांना अशा जटांतून सोडवतात.

केस गळतात, ते सगळं औषधामुळेच का?

नाही. आपल्या कितीतरी तायांचं रक्त कमी आहे. रक्त कमी असलं, थायरॉइडचा त्रास असला, बाळंतपणानंतर तीन-चार महिने झाले किंवा मोठा ताप येऊन गेला तरी केस गळतात. उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. नवा केस ताटातल्या अन्नातूनच बनतो. डाळ, उसळ, शेंगदाणे, अंडी, हिरवी भाजी, हळीव हे डब्यातल्या क्रीमपेक्षा जास्त उपयोगाचं. आणि ते बाईच्या ताटात सगळ्यांचं जेवून झाल्यावर उरलं तर, असं नको.

टाळूवर जखम, पू, गोल चट्टे पडून केस जाणं, किंवा औषध लावल्यानंतर उलट्या, पाठदुखी, लघवी कमी होणं, यातलं काही असेल तर घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टरांकडे जा आणि केसांना औषध लावलं होतं हे आठवणीने सांगा.

पैशाचं गणित

काकींच्या हिशेबानेच बघू. एका वेळचे चार हजार. मूळ दर आठ महिन्यांनी दिसतं. दोन वर्षांत तीन वेळा, म्हणजे बारा हजार. त्यावर कर्जाचं व्याज आणि त्यांनी सांगितलेला "खास" शाम्पू वेगळा. एवढ्यात एक चांगली शेळी दारात येते.

समूहाने कोणाला कर्ज द्यावं, कशासाठी द्यावं, हे ठरवणारी मी कोण? पण कारण खरं लिहिलं तर बैठकीत बोलता येतं. काकींनी "घरखर्च" लिहिलं, कारण त्यांना लाज वाटली. लाज कशाची? पोरीच्या केसांची की लोकांच्या बोलण्याची? यावरही बैठकीत एकदा बोलायला हवं.

पार्लर चालवणाऱ्या तायांसाठी

हा विषय मी एका ग्रामसंघात काढला तेव्हा पार्लर चालवणाऱ्या आपल्या एक ताई उठून म्हणाल्या, "मॅडम, माझ्या पोटावर पाय देऊ नका." त्यांचं म्हणणं रास्त होतं. कर्ज काढून त्यांनी दुकान उभं केलंय.

पण ताई, सगळ्यात जास्त धूर तुमच्या छातीत जातो. गिऱ्हाईक आठ महिन्यांनी येतं, तुम्ही रोज तिथे असता. म्हणून दार-खिडकी उघडी ठेवा, पंखा धूर बाहेर फेकेल असा लावा, हातमोजे घाला. ज्या डब्यावर घटक लिहिलेले नाहीत तो माल घेऊ नका. गरोदर बाईला आणि लहान मुलीला नाही म्हणा. आणि केस सोडणाऱ्या मुलींना दर दोन महिन्यांनी टोकं कापायला, तेल-मालिशला, कुरळे केस नीट बसवायला कोणीतरी लागतंच. ते काम तुम्ही शिकून घ्या. गिऱ्हाईक तेच राहील, आणि वर्षातून दीडदा येणारं सहादा येईल. त्या ताईंनी आता कुरळ्या केसांची कटिंग सुरू केली आहे. स्मूदनिंग बंद केलेलं नाही, पण आधी विचारतात, समजावतात, मगच करतात.

शेवटी

केस सरळ करणं पाप नाही. ज्या बाईला आवडतं तिने माहिती घेऊन, स्वतःच्या पैशाने जरूर करावं. पण "असे केस घेऊन कोण पसंत करील?" या भीतीने करत असेल, तर केसांआधी त्या भीतीबद्दल बोलू या. पाहुण्यांसाठी सरळ केलेले केस लग्नानंतर आठ महिन्यांनी मुळातून खरं सांगतातच. मग तेव्हा काय, पुन्हा कर्ज?

काकींच्या मुलीने अजून ठरवलेलं नाही. पण पाहुण्यांच्या तारखेपर्यंत औषध न लावता दोन बाजूंनी वेणी घालून बघते म्हणाली. दोन वेण्यांत सांधा लपतो आणि ओढही बसत नाही, हे मीच तिला शिकवलं.

पुढच्या मासिक बैठकीत दहा मिनिटं या विषयाला द्या. घरात असलेले शाम्पूचे, रंगाचे, क्रीमचे डबे आणा. मोबाईलने फोटो मोठा करून मागची बारीक अक्षरं सगळ्या मिळून वाचू. ज्या तायांना वाचता येत नाही त्यांना शेजारणीने वाचून दाखवायचं.

माझे केस अजून पूर्ण झालेले नाहीत. टोकाला दोन बोटं सरळ उरलेत. दिवाळीच्या आधी तेही कापणार आहे. त्या आजींच्या गावात पुढच्या महिन्यात बैठक आहे. वेणी त्या बघणारच, मीही स्कार्फ न बांधता जाणार आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक